एका गायकाच्या तबकड्या

संग्रहाची हौस मनुष्यास उपजतच असते. लहानपणीं खिशांत शिंपले आणि गुंजा सांपडतात. शाळेंत जाऊं लागल्यावर त्यांची जागा पोस्टाचीं तिकिटें घेतात. आणि मोठेपणीं कोणी नाणीं, कोणी जुनीं पुस्तकें, कोणी पितळी अडकित्ते जमवूं लागतो. ह्या हौशींतलाच एक प्रकार म्हणजे एखाद्या आवडत्या गायकाच्या सर्व तबकड्या, पहिलीपासून शेवटचीपर्यंत, जमविणें. पाश्चात्त्य देशांत ही हौस फार आहे. इंग्लंडांतील ‘बीटल्स’ नांवाच्या प्रसिद्ध वृंदाची १९७० मध्यें फाटाफूट झाली. त्या चौघांपैकीं जॉर्ज हॅरिसन ह्यानें त्याच वर्षीं तीन तबकड्यांचा स्वतःचा स्वतंत्र संच काढला. अशा, मंडळींतून बाहेर पडून एकट्यानें गाणाऱ्या, गायकांचे मूळ संच मिळविण्यासाठीं तिकडचे हौशी लोक आजही शहरोशहरीं जुनीं दुकानें धुंडाळीत असतात.

आमच्या खेडच्या वाचकांस वाटेल कीं, ह्या विलायती हौशीशीं आपला काय संबंध? संबंध आहे. मंडळींतून बाहेर पडून स्वतःची मंडळी काढणारा, आणि ज्याच्या तबकड्यांसाठीं घरोघर फोनो वाजले असा गायक महाराष्ट्रांत हॅरिसनच्या कितीतरी आधीं होऊन गेला. नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात् बालगंधर्व, ह्यांचा जन्म १८८८ चा. १९०५ मध्यें ते किर्लोस्कर नाटक मंडळींत आले आणि १९१३ मध्यें गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे ह्यांच्यासह तींतून निघून त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. ‘मानापमान’ नाटकांतील भामिनी, ‘स्वयंवरां’तील रुक्मिणी, ‘एकच प्याल्यां’तील सिंधू ह्या त्यांच्या स्त्रीभूमिकांविषयीं घरांतील वडील मंडळींनीं त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलें असेल. त्या शालूंची, दागिन्यांची आणि अत्तराच्या फवाऱ्यांचीं वर्णनें आजही चवीनें सांगितलीं जातात. तबकडींत ह्यांपैकीं कांहीं येत नाहीं. तेथें फक्त आवाज आहे. आणि आमच्या मतें नारायणरावांची खरी परीक्षा शालू बाजूला ठेवल्यावरच होते.

परंतु त्यांच्या तबकड्या कां व कशा जमवाव्या, हें कळण्यास तबकडी म्हणजे काय हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

विद्यार्थ्यांस आम्ही एक कोडें घालतों. दहा इंची जुन्या तबकडीच्या एका बाजूवर किती रेघा असतात? पाहणारा शेकडो सांगतो. वास्तविक ती एकच रेघ असते. गूळ पाडणाऱ्या घाण्याच्या बैलाप्रमाणें फिरत फिरत, परंतु दर फेऱ्यास थोडी आंत सरकत, ती मध्यापर्यंत जाते. तबकडी मिनिटास ७८ फेरे घेते आणि तीन मिनिटें वाजते, म्हणजे सुमारें २३४ फेरे झाले. ही रेघ उलगडून सरळ मांडली तर ती सुमारें चारशें फूट लांब भरेल. तिच्या दोन्ही कडा आवाजाच्या कंपनाप्रमाणें नागमोडी कोरलेल्या असतात. सुई त्या चरांतून जातांना थरथरते, ती थरथर पातळ पडद्यास पोंचते, आणि कर्ण्यांतून गाणें बाहेर पडतें. वीज नाहीं, तार नाहीं. चावी दिलेली एक स्प्रिंग तेवढी पुरते.

ह्या तबकड्या लाखेच्या असत. पळस, कुसुंब, बोर ह्या झाडांवर लाखेचे किडे जो रस सोडतात त्याचीच चपडी करतात. आमच्याकडचे सुतार ही चपडी स्पिरिटांत विरघळवून खुर्च्यापलंगांस चकाकी आणतात, हें पुष्कळांनीं पाहिलेलें आहे. त्याच चपडींत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून, तापवून, छापाखालीं दाबली कीं तबकडी झाली. दगडाच्या पुडीमुळें ती इतकी खरखरीत होई कीं, पोलादी सुई एका वाजविण्यांतच झिजे. म्हणून दर बाजूस नवी सुई घालावी असा नियम होता. काटकसरी घरांतून तो पाळला जात नसे, आणि त्याचे ओरखडे आजही ऐकूं येतात.

आपल्या देशांत हें यंत्र गाणें टिपण्यास आलें तें १९०२ मध्यें. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग हा तंत्रज्ञ त्या वर्षीं कलकत्त्यास पोंचला आणि तेथील नामांकित गायिका गौहरजान हिचें गाणें त्यानें मेणाच्या चकतीवर उतरविलें. तीं मेणें जर्मनींत हानोव्हर येथें जात, तेथें त्यांवरून धातूचे छाप होत, आणि तबकड्या तयार होऊन बोटीनें परत येत. तिकडच्या कारागिरांस गाणारें कोण हें कळावें म्हणून गौहरजान गाणें संपतांच स्वतःचें नांव इंग्रजींत मोठ्यानें सांगे. तें नांवही तबकडीवर कायमचें राहिलें. मौज अशी कीं, लाख हिंदुस्थानची, गळा हिंदुस्थानचा, आणि दोन्ही समुद्रापार जाऊन एक होऊन येत. १९०८ मध्यें कलकत्त्यांत सियालदा येथें कारखाना निघाला. पुढें १९२८ च्या सुमारास तो दमदम येथें गेला.

आतां ह्या १९०२ सालाकडे वाचकांनीं जरा लक्ष द्यावें. ‘सौभद्र’ नाटकांतील सुभद्रेची भूमिका गाजविणारे भाऊराव कोल्हटकर, ज्यांच्या गळ्यानें मराठी संगीत रंगभूमि उभी राहिली असें जुने लोक सांगत, ते फेब्रुवारी १९०१ मध्यें वारले. पुरतीं दोन वर्षेंही नव्हेत! इतक्या थोड्या अंतरानें तो आवाज निसटला. आज आपण भाऊरावांविषयीं वाचूं शकतों, त्यांचें चित्र पाहूं शकतों. पण ते कसे गात हें सांगणारा मनुष्य पृथ्वीवर उरलेला नाहीं आणि यंत्रांत तें सांपडलेलें नाहीं. दुसरें उदाहरण त्याहून विलक्षण. गायनाचार्य भास्करबुवा बखले १९२२ मध्यें वारले. तेव्हां तबकड्यांचा धंदा वीस वर्षें चाललेला होता, तरीही भास्करबुवांच्या गाण्याची एकही तबकडी आज उपलब्ध नाहीं. मात्र ‘स्वयंवरा’च्या पदांच्या चाली त्यांच्या, बालगंधर्व त्यांचे शिष्य, मास्तर कृष्णराव त्यांचे शिष्य. तेव्हां भास्करबुवांचें गाणें कसें असेल ह्याचा अंदाज बांधावयाचा तर तो शिष्यांच्या तबकड्यांवरूनच बांधावा लागतो. शिष्याच्या गळ्यांतून गुरूचा गळा शोधावयाचा! एक-दोन तबकड्या ऐकून हें साधत नाहीं. ज्या जागा शिष्यानें पुन्हां पुन्हां, निरनिराळ्या वर्षीं, निरनिराळ्या पदांत घेतल्या, त्या एकत्र ठेवून पाहाव्या लागतात. एका गायकाच्या सगळ्या तबकड्या जमविण्यांत हौशीपलीकडचें असें जें कांहीं आहे तें हेंच.

(गाण्याखेरीज बोलणेंही तबकड्यांवर आलें. सर जॉर्ज ग्रियर्सन ह्यांच्या भाषासर्वेक्षणाच्या निमित्तानें १९१३ ते १९२९ ह्या काळांत हिंदुस्थानांतील पुष्कळ भाषांचे नमुने तबकड्यांवर घेण्यांत आले, आणि त्यांसाठीं जो एक उतारा ठिकठिकाणच्या लोकांकडून आपापल्या बोलींत म्हणवून घेतला तो शुभवर्तमानांतील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त होता. आमच्या शाळेंतील मुलांस तो पाठ असल्यामुळें ही गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं.)

बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकतांना नवख्या श्रोत्याची पहिल्यानें निराशा होण्याचा संभव आहे. नाटकगृहांत जें पद वन्समोअर घेत घेत पाव-अर्धा तास चाले तें येथें तीन मिनिटांत आटोपलेलें असतें. लय थोडी धांवती वाटते, ताना तोडलेल्या वाटतात. पण ह्याच अडचणीनें गायकांस एक शिस्त लाविली. तीन मिनिटांत रागाचें रूप दिसलें पाहिजे, शब्द स्पष्ट आले पाहिजेत, आणि शेवट समेवर झाला पाहिजे. मोठ्या पत्राऐवजीं कार्ड लिहावयाचें असलें म्हणजे मनुष्य शब्द निवडतो, तसेंच हें. कांहीं पदांचे दोन भाग करून तबकडीच्या दोन बाजूंवर घालीत; मध्यें तबकडी उलटेपर्यंत ऐकणाऱ्यानें सूर मनांत धरून ठेवावयाचा.

शिवाय काळाप्रमाणें तबकडीचा स्वभावही बदलला. १९२५ पर्यंत सर्व ध्वनिमुद्रण कर्ण्यानें होत असे. गाणाऱ्यानें मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशीं मान घालून गावें, आणि वरच्या सुरावर जातांना मान मागें घ्यावी, नाहीं तर सुई मेणांतून उसळे. ह्या पद्धतींत तंबोऱ्याचा झणत्कार हरवतो आणि तबल्याचा बांया जवळ जवळ ऐकूंच येत नाहीं. पुढें विजेवर चालणारा मायक्रोफोन आला आणि श्वासोच्छ्वासही उमटूं लागला. बालगंधर्वांच्या तबकड्या दोन्ही काळांतल्या आहेत. म्हणून त्या क्रमानें लावून ऐकल्या तर एकीकडे यंत्र सुधारत गेलेलें, आणि दुसरीकडे गळा तरुणपणापासून उतारवयाकडे येत गेलेला, अशा दोन कथा एकाच वेळीं कानांवर पडतात. उत्तरवयांतील भजनांत आवाजाची धार कमी झालेली आहे, हें प्रेमळ श्रोत्यासही कबूल करावें लागेल. पण शब्द उच्चारण्यांतली आर्जवी तऱ्हा तीच आहे. नारायणराव १९६७ मध्यें वारले.

संग्राहकानें कोठें फसूं नये हें सांगणें जरूर आहे. गोहरबाई कर्नाटकी ह्या गायिका १९३८ मध्यें गंधर्व मंडळींत आल्या. त्यांच्या तबकड्यांतील गाणें बालगंधर्वांच्या धर्तीचें आहे. लेबल झिजलेलें असलें म्हणजे पुष्कळांचे कान चकतात. त्याच नांवामुळें कलकत्त्याच्या गौहरजानची आणि ह्या गोहरबाईंची गल्लत करणारे लोकही आम्हीं पाहिले आहेत. त्या दोघी सर्वस्वी भिन्न. तबकडीची खरी ओळख लेबलावरच्या चित्रावरून, मग तें कुत्र्याचें असो कीं आरंभींच्या काळांतील लेखणी घेतलेल्या देवदूताचें असो, पटत नाहीं. एकच गाणें निरनिराळ्या लेबलांखालीं पुन्हां निघालेलें असतें. लेबलाच्या कडेशीं, चर संपतो तेथें, लाखेंतच दाबलेले बारीक अंक असतात. ते त्या विशिष्ट मुद्रणाचे अंक होत. लेबल गेलें तरी ते जात नाहींत. लेबलावरचा अनुक्रमांक आणि हे आंतले अंक, असे दोन्ही उतरून घेतल्याशिवाय तबकडी नोंदली असें समजूं नये. साथीदारांचीं नांवें मात्र लेबलावर बहुधा सांपडत नाहींत. तबल्यावर अहमदजान थिरकवांसारखा पुरुष असला तरी तो अनामिकच राहावयाचा, हें मनास लागतें.

कोणी विचारील कीं, आतां हीं गाणीं दूरध्वनीच्या हातांतल्या यंत्रावरही फुकट ऐकूं येतात, मग जड तबकड्या कशास जपाव्या? प्रश्न रास्त आहे. त्याचें एक उत्तर वेगांत आहे. जुन्या तबकड्यांवर ७८ असें म्हणण्याची चाल असली तरी पुष्कळ मुद्रणें त्याहून थोड्या कमी किंवा अधिक वेगानें झालेलीं आहेत. वेगांत साडेचार फेऱ्यांचा फरक पडला कीं सूर अर्ध्या स्वरानें सरकतो; पांढरी एकमध्यें गाणारा काळी एकमध्यें गाऊं लागतो आणि आवाज बालिश वाटतो. नकलेवरून नक्कल होत गेली म्हणजे ही चूक पक्की होते. ती शोधावयाची तर मूळ तबकडीकडेच यावें लागतें. दुसरें असें कीं, कोणीतरी कोठेंतरी मूळ तबकडी जपली म्हणूनच नक्कल निघाली.

१९४८ मध्यें अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी दीर्घवादनी तबकडी काढली. ती लाखेची नसून व्हिनाइल नांवाच्या कृत्रिम राळेची होती. चर बारीक झाले, खरखर गेली, आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचें गाणें मावूं लागलें. कालांतरानें आपल्याकडेही ह्या तबकड्या निघूं लागल्या, आणि बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांतील निवडक पदें त्यांवर एकत्र करण्यांत आलीं. आज बाजारांत जो त्यांचा व्हिनाइलचा संच मिळतो तो अशा पुनर्मुद्रणांचा. तो ऐकण्यास सोयीचा असतो आणि संग्रहास आरंभ करण्यास चांगला. पण निवड दुसऱ्या कोणीतरी केलेली असते, हें विसरूं नये.

निवडींतून जें सुटतें त्याचें मोल कधीं कळेल ह्याचा नेम नसतो. गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर ह्या तबकड्यांच्या बाबतींत फार नाखूष असत. त्यांनीं थोडेंच गाणें मुद्रित होऊं दिलें. १९७७ मध्यें अमेरिकेनें ‘व्हॉयेजर’ नांवाचीं दोन यानें सूर्यमालेच्या पलीकडे धाडलीं, आणि त्यांत पृथ्वीवरील संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तांब्याची तबकडी ठेविली. हिंदुस्थानांतून तींत एकच गाणें निवडलें गेलें, केसरबाईंची भैरवी. पण ती तबकडी तेव्हां बाजारांतून नाहींशी झालेली होती! फार शोध केल्यावर न्यूयॉर्कमधील एका हिंदी कुटुंबाच्या उपकरणांच्या दुकानांत, मागल्या बाजूस टेबलाखालीं पडलेल्या एका खोक्यांत, तिच्या तीन न उघडलेल्या प्रती निघाल्या. तें खोकें कोणी आदल्या वर्षीं झाडलोटींत काढून टाकलें असतें तर केसरबाई आज ताऱ्यांच्या वाटेस लागल्या नसत्या. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत, पहिलें व्हॉयेजर सुटल्यावर थोड्याच दिवसांनीं, त्यांचें देहावसान झालें.

अशीं खोकीं कोंकणांतही आहेत. मुंबईस गिरणींत किंवा गोदींत असलेला चाकरमानी गणपतीस किंवा शिमग्यास घरीं येतांना चावीचा फोनो घेऊन आला, आणि जेथें गंधर्व मंडळी कधीं जाणें शक्य नव्हतें अशा वाडींत रुक्मिणी गाऊं लागली, असें ज्या घरांत घडलें त्या घरांचे माळे आतां रिकामे केले जात आहेत. घर बंद पडतें, भाऊबंद मुंबईपुण्यास असतात, आणि तबकड्या भंगारांत जातात. हल्लीं तर त्या तापवून त्यांचे वाडगे किंवा भिंतीवरचीं घड्याळें करण्याची टूम निघाली आहे. ज्यांस हें सुंदर वाटतें त्यांच्याशीं आम्ही वाद घालणार नाहीं. परंतु वाडगा करण्यापूर्वीं आंतले अंक तरी पाहावे, एवढी विनंती आहे. तबकड्यांचा नाश पूर्वींही असाच झाला. दुसऱ्या महायुद्धांत लाखेची टंचाई पडली, तेव्हां १९४२ पासून अमेरिकेंत नवी तबकडी घ्यावयाची तर पुष्कळ दुकानांतून जुनी मोडींत द्यावी लागे. तिकडे जें युद्धानें केलें तें इकडे आमची अनास्था करीत आहे. आपल्या आरंभींच्या तबकड्यांची व्यवस्थित यादी करून ती १९९४ मध्यें प्रसिद्ध करणारे मायकेल किन्नियर हे गृहस्थ ऑस्ट्रेलियाचे, ह्यावरून काय तें समजावें. त्यांतल्या त्यांत समाधान हें कीं, मुंबईंत १९९० मध्यें ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संग्राहकांची संस्था निघाली, आणि तिच्या मंडळींनीं याद्या करण्याचें व जुनीं गाणीं लोकांस ऐकविण्याचें काम पुष्कळ केलें.

ज्यांच्या घरीं तबकड्या सांपडतील त्यांच्यासाठीं दोन शब्द. आमच्या खेडांत पाऊस शंभर इंचांहून कितीतरी अधिक. श्रावणांत भिंतीसुद्धां ओल धरतात. तबकडीच्या कागदी पाकिटास बुरशी येते, आणि ती चरांत उतरते. जुनें पाकीट टाकून कोरडें द्यावें, मात्र त्यावर दुकानाचें नांव किंवा मालकाची सही असली तर तें वेगळें ठेवावें. तबकड्या एकीवर एक रचूं नयेत, पुस्तकांप्रमाणें उभ्या ठेवाव्या. लाखेची तबकडी पडली तर फुटते, आणि व्हिनाइलची मे महिन्यांत पत्र्याखालच्या माळ्यावर ठेविली तर पापडासारखी वांकते. तेव्हां दोहोंसही माळा वाईटच. धूळ मऊ फडक्यानें पुसावी. लाखेच्या तबकडीस स्पिरिट कधींही लावूं नये. सुताराची गोष्ट वर सांगितलीच आहे, पृष्ठभाग विरघळून गाणें जाईल. तसेंच ७८ फेऱ्यांची जाड सुई व्हिनाइलच्या बारीक चरांत घालूं नये. एकदां घातली तरी चराची कड कायमची जाते.

जुलै २०२१ मध्यें जगबुडीचें पाणी बाजारपेठेंत शिरलें तेव्हां कोणाच्या घरांत काय भिजलें ह्याची गणती नाहीं. लाख साध्या पाण्यांत विरघळत नाहीं. लेबल मात्र सुटतें. भिजलेली तबकडी फेंकून न देतां सावलींत वाळवावी आणि लेबल गेलें तर आंतल्या अंकांवरून ती ओळखावी. आणि फुटली तर? फुटलेल्या तबकडीचेही तुकडे एका पाकिटांत एकत्र ठेवावे. अमेरिकेंतील बर्कले येथील प्रयोगशाळेंत चालू शतकाच्या आरंभीं असें यंत्र तयार झालें आहे कीं, सुई न लावतां चराचीं सूक्ष्म छायाचित्रें घेऊन गणितानें त्यांतील आवाज काढतां येतो, आणि भंगलेल्या तबकड्यांचे तुकडे जुळवून त्यांतलें गाणेंही त्यानें परत ऐकविलें आहे.